सगळं सेट आहे ना?

इंदुरात नवी सून असो, नवी शेगडी असो की गच्चीवरची पाण्याची टाकी, चौकशी एकच: "सेट झाली का?" आणि उत्तरही ठरलेलं: "सब सेट है, भिया." आम्ही इथली मराठी माणसं घरात मराठी बोलतो, जिना उतरेपर्यंत हिंदीत शिरतो. पण हा एक शब्द दोन्हीकडं तसाच चालतो, चप्पल बदलावी लागत नाही.

इंग्रजीत तर त्याचा रुबाब आणखी मोठा. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. सव्वाचारशेच्या वर अर्थ. पुढं तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन' हा शब्द ६४५ अर्थ घेऊन त्याच्या पुढं निघून गेला. पळणाऱ्यानं बसणाऱ्याला मागं टाकलं, यात नवल ते काय!

बसणारा म्हटलं ते उगीच नाही. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं जसं बसणे आणि बसवणे, तसं त्यांचं सिट आणि सेट. आणखी मागं गेलं तर संस्कृतातला 'सद्' धातू याच कुळातला. सभासद, परिषद, उपनिषद ही सगळी बसलेलीच मंडळी. हे कळल्यापासून मला 'सेट' परका वाटेनासा झाला. आपण 'बसवणे'कडून तरी कमी कामं करून घेतली आहेत का? गणपती बसवतो, नाटक बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नळाला तोटी बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. भिशीचा हप्ता चुकला की दंड बसवतो. 'बसणे' तर त्याहून चावट. जम बसतो तो चांगला, घसा बसतो तो वाईट. बस्तान बसलं की पेढे वाटायचे, आणि धंदा बसला की तोंड लपवायचं. एकच क्रियापद माणसाला गादीवरही बसवतं आणि रस्त्यावरही. अमराठी जावयाला हे समजावून सांगायचं म्हणजे दुपार जाते.

या शहरानं दोन्ही बसणी पाहिली आहेत. होळकरांच्या मागोमाग आमच्यासारख्यांचे पूर्वज माळव्यात आले आणि त्यांचं बस्तान बसलं. रामबाग, नारायण बाग, पुढं लोकमान्य नगर, सुदामा नगर. मग कापडाच्या गिरण्या आल्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी... ही नावं आजही रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगता येतात, पण भोंगे थांबले ते थांबलेच. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचं 'सेटलमेंट' व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, रक्कम सुमारे २२४ कोटी. 'सेटल' हाही त्याच घराण्यातला शब्द, बसायच्या आसनावरून आलेला. तीस वर्षं लोक कुठं कुठं जाऊन बसले असतील, ते त्यांनाच ठाऊक. मात्र अनंत चतुर्दशीच्या रात्री या बंद गिरण्यांच्या झाँक्या अजून निघतात. झाँकी म्हणजे चाकांवरचा सेटच. देव, राक्षस, हलणारे हात, दिव्यांच्या माळा, आणि सगळा गाव रस्त्याच्या कडेला रात्रभर जागा. गिरणी बसली, तरी गणपती बसवायचा कुणी सोडला नाही.

आता एक गुंता. सोफासेटमधला 'सेट' या घरातला नव्हेच. तो फ्रेंचांच्या वाटेनं लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून आला, म्हणजे एकाच्या मागं चालणाऱ्यांचा मेळा, पंथ. दोन वेगळ्या घरचे शब्द बोलण्यात सारखे झाले आणि कोशात एकमेकांच्या शेजारी येऊन राहिले. त्या हिशेबानं आमच्या दिवाणखान्यातला सोफासेट हा एक पंथ ठरतो. तिघांना मांडीवर घेणारे एक महाराज आणि एकेकट्याला घेणारे दोन शिष्य. टीसेटचंही तेच. सहा कपांपैकी एक फुटला की उरलेले पाच पाहुण्यांपुढून निवृत्त होतात आणि घरच्या चहाला लागतात. गणितातल्या सेटला आपण 'संच' म्हणालो, ते मात्र छान केलं. गेओर्ग कँटर नावाच्या जर्मन गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं की अनंत संचांतही लहानमोठं असतं, एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठा असू शकतो. सराफ्यात लग्नाची खरेदी करणाऱ्या वधूपित्याला हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही. दिवसा तिथं हाराचा, कानातल्यांचा, बांगड्यांचा 'सेट' काचेवर मांडतात. रात्री तीच दुकानं बंद होतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढं भुट्ट्याचा कीस नि गराडू, म्हणजे तळलेला कंद, येतो. बापाला जेवण गोड लागतं ते रात्रीच.

टेनिसमधल्या सेटनं तर एकदा कमाल केली. २०१० च्या विम्बल्डनला इस्नर आणि माहूत यांचा सामना तीन दिवस चालला. एकट्या शेवटच्या सेटला आठ तासांवर वेळ गेला आणि तो संपला ७०-६८ वर. धावफलकानंही मध्येच मान टाकली होती म्हणे.

मला सर्वांत आवडतो तो मिस्त्रींचा सेट. घरावर मजला चढवत होतो तेव्हा आमचे मिस्त्री दर दोन वाक्यांनंतर म्हणायचे, "सेट होने दो, साहब." सिमेंटला भारतीय मानकानं वेळ ठरवून दिली आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटनं पहिल्या तीस मिनिटांत सेट व्हायला लागायचं नाही, आणि सहाशे मिनिटांपुढं रेंगाळायचंही नाही. फार लवकर आवळू नये म्हणून त्यात जिप्सम घालतात. आणि सेट होणं म्हणजे वाळणं नव्हे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संधान बांधून आकार धरतं, म्हणून सेट झालेल्या स्लॅबवरही पाणी मारत राहावं लागतं. त्याची ताकद जोखतात ती अठ्ठावीस दिवसांनी. लग्नाच्या बैठकीत "मुलगा एकदम सेट आहे हो" असं छातीठोक सांगणाऱ्या मध्यस्थांना एकदा या मिस्त्रींकडं पाठवावं असं फार वाटतं.

इतके सगळे अर्थ, पण आपल्याकडच्या 'सेटिंग'चा खरा वास इंग्रजी शब्दाला नाही. तिकडं सेटिंग म्हणजे मोबाइलमधली, कथेच्या पार्श्वभूमीची, फार तर केसांची. इथं एका कचेरीत माझा साधा नावदुरुस्तीचा कागद पावसाळाभर पडून होता. शेवटी शिपायानंच कळवळून विचारलं, "अंदर कोई सेटिंग नहीं है क्या?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. माझी सेटिंग नाही हे ऐकून त्यानं मला पाणी आणून दिलं. जुनी मराठी माणसं याला वशिला म्हणत. वशिल्याला निदान एक काका लागायचा. सेटिंगला तेवढंही नातं लागत नाही, म्हणून ती जास्त लोकशाहीवादी म्हणायची.

आणि तरुण पिढीचं सेट होणं? 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहावं. रंगमंचावर मुंबईहून आलेला सेट, आणि रांगेत आईबापांचा एकच विषय. "धाकटा बंगळूरला सेट झाला." "आमची तर सिएटलला." यातला एकही सेट इंदुरात बसलेला नाही. इंग्रजीत निघून जाण्यालाही 'सेट आउट' म्हणतात, तेव्हा भाषेच्या बाजूनं तक्रारीला जागा नाही. रांगेतल्या आया मात्र हे सांगताना पर्समधून उगीचच रुमाल काढतात, एवढं मी पाहिलं आहे.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा इथंच राहिला आहे. मराठीत एम. ए., वाचन दांडगं. परवा काकू पेढे घेऊन आल्या.

"सेट झाला बरं का आमचा!"

"अरे वा! कुठं लागला?"

"लागला नाही हो, सेट झाला. ती प्राध्यापकीची परीक्षा असते ना, ती."

"मग आता नोकरी?"

"सध्या कॉलेजात अतिथी विद्वान आहे."

मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला हे भारदस्त नाव आहे. सत्र संपलं की विद्वान उरतो, आतिथ्य संपतं.

"म्हणजे सेट झाला, पण अजून सेट नाही झाला," मी म्हटलं.

काकूंनी पेढ्याचा डबा माझ्याकडं जरा जास्तच सरकवला. "तेच तर. तुमची भोपाळला कुठं सेटिंग आहे का हो?"