तुम्ही विचारलेत म्हणून

नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॉली, तिथे या राज्याचा एकोणिसाव्या शतकातला गव्हर्नर विल्यम होल्डन याचा विषय निघाला की पाहुणे असोत वा इथलेच मराठी स्नेही, प्रश्न एकच येतो: इतके पक्ष बदललेल्या माणसाची बाजू तुम्ही का घेता? पक्ष त्याने बदलले, हे मी कधी नाकारलेले नाही. व्हिग पक्ष सोडून त्याने १८४३ साली डेमोक्रॅटांचे ‘स्टँडर्ड’ हे वृत्तपत्र हाती घेतले, १८६१ मध्ये राज्याने अमेरिकी संघातून फुटून निघण्याच्या ठरावावर सही केली, दोनच वर्षांत, यादवी युद्ध चालू असतानाच, तहाचा घोष लावला आणि १८६८ मध्ये रिपब्लिकन म्हणून गव्हर्नरपदी निवडून आला. पक्ष बदलले तरी माणूस बदलला नाही, असे मी पूर्वी ठणकावून सांगत असे. आता माझ्याने तसे म्हणवत नाही.

मी अडतो तो १८७० पाशी. फेब्रुवारीत ग्रॅहम गावी वायट आउटलॉ या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी गुप्त संघटनेने न्यायालयाजवळच्या झाडाला लटकवून मारले. मे महिन्यात राज्य सिनेटचा सदस्य जॉन स्टीफन्स याचा यान्सीव्हिलच्या न्यायालयाच्या इमारतीतच खून झाला. साक्ष द्यायला कोणी धजावत नव्हते. होल्डनने अलामान्स व कॅसवेल या काउंट्यांत बंडाळी जाहीर केली, जॉर्ज कर्कची फौज धाडली आणि शंभराच्या आसपास माणसे धरली. इथवर मी त्याच्यासोबत आहे; त्याच्या जागी तुम्ही काय केले असते, ते आधी सांगा. परंतु त्याच फौजेने ‘सेंटिनेल’ या विरोधी वृत्तपत्राचा संपादक जोसाया टर्नर यालाही उचलले, आणि तेही ऑरेंज काउंटीत, जिथे बंडाळी जाहीरच नव्हती. टर्नर त्याच्यावर सतत गरळ ओकत होता, हे खरे. पण ज्याचा स्वतःचा छापखाना १८६३ च्या सप्टेंबरात जॉर्जियाच्या सैनिकांनी उद्ध्वस्त केला होता, त्याला संपादकावर शिपाई सोडण्याचा अर्थ कळत नव्हता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? (दुसऱ्या दिवशी त्याच्या समर्थकांनी विरोधकांचाही छापखाना फोडला, हे लपवल्याचा ठपका माझ्यावर नको.)

मार्च १८७१ मध्ये महाभियोगाने त्याचे पद गेले. असे पद गमावणारा तो अमेरिकेतील पहिला गव्हर्नर. आठांपैकी सहा आरोप सिद्ध धरले गेले. आउटलॉच्या मारेकऱ्यांना मात्र कधीच शिक्षा झाली नाही, म्हणून त्या निकालाला न्याय म्हणायला मी तयार नाही. २०११ साली राज्याच्या सिनेटने एकमताने त्याला माफी दिली, तेव्हा मला वाटले, आता कोणी विचारणार नाही. तुम्ही विचारता. आणि टर्नरच्या अटकेचा आरोप मला आजही खोडता येत नाही.