पंपाचं तोंड आणि गप्पीची पिल्लं: तिसरा प्रयत्न

8 जून, मालवण

घरातल्या माशांच्या टाकीत रात्री गप्पीची मादी व्याली आणि सकाळी टाकीचा पंप उघडला तर इम्पेलरच्या (पाणी ओढणाऱ्या फिरत्या पात्याच्या) खोबणीत सहा पिल्लं. गप्पीचं पिल्लू जन्मतं तेव्हा 6-7 मिमीचं असतं, पंपासोबत आलेल्या जाळीच्या फटी 3 मिमीच्या. आडवं नाही गेलं तरी उभं जातंच. डासांसाठी विहिरीत सोडतात तेच हे गावठी गप्पी, त्यामुळे घरात कुणाला फारसं दुःख नाही. आई म्हणाली, "नळीक फडको बांध."

बांधला. फडका नाही, जुना पायमोजा.

11 जून

मोजा फसला. तीन दिवसांत शेवाळ आणि खाद्याच्या चुऱ्याने तो गच्च झाला, पंप घरघरायला लागला, आणि दोन पिल्लं मोज्यावरच चिकटून मेली. म्हणजे आत जाऊन मरायची ती बाहेर मेली, एवढाच फरक.

(मोठ्या माशाचं वेगळं. मागे एक एंजल नळीला चिकटलेला सापडला तेव्हा मी पंपाला शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, तो आधीच आजारी असणार. धडधाकट मोठा मासा एवढ्या ओढीतून निसटतो. लांब परांचा फायटर तेवढा जपावा.)

15 जून

पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला तापलेल्या सुईने 200 भोकं पाडली. बोटं भाजली. नळी बाटलीत खुपसली आणि खूश झालो. संध्याकाळी पुन्हा एक पिल्लू भोकावर चिकटलेलं.

मग वही घेतली. पंप ताशी 600 लिटरचा, म्हणजे सेकंदाला 167 मिली. नळीचं तोंड 16 मिमी व्यासाचं, म्हणजे 2 चौ. सेंमी. तिथे पाण्याचा वेग सेकंदाला 83 सेंमी! आणि माझी 200 भोकं? दीड मिमीचं एक, सगळी मिळून साडेतीन चौ. सेंमी. एवढी बोटं भाजून वेग निम्म्याच्या जरासा वर राहिला. (600 हा खोक्यावरचा आकडा. पाणी वर चढवताना तो कमीच भरतो, पण हिशेबाची दिशा तीच.)

शेजारचे काका रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जातात, सध्या पावसाळ्यामुळे घरी आहेत. बाटली बघून हसले. "बारीक आसाचा जाळा ओढूक जड जाता," म्हणाले. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बारीक करायचा तर जाळं मोठं हवं, हे मला तेव्हा कळलं.

22 जून

स्पंज. 5 सेंमी व्यासाचा, 10 सेंमी उंच, मधे आरपार नाही असं भोक. नुसती बाजू धरली तरी 157 चौ. सेंमी. वेग सेकंदाला 1 सेंमीच्या आसपास. स्पंजचा स्वतःचा भराव जागा खातो, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त, पण एक दिवसाचं पिल्लूसुद्धा त्याला पाठ दाखवून निघून जातं. उलट स्पंजवर साचलेलं टिपत बसतात.

एक चूक इथेही केलीच. नळी उघड्या तोंडाने खुपसली, तर सगळी ओढ स्पंजच्या तळाशी. आता आतल्या पीव्हीसी नळीचं टोक बुच लावून बंद केलं आणि बाजूंना वरपासून खालपर्यंत भोकं पाडली. स्पंज सगळीकडून सारखा मळतो, यावरून कळतं की ओढ वाटली गेली.

3 जुलै

धुण्याबद्दल. आधी पंप बंद, मगच स्पंजला हात. चालू पंपाची उघडी नळी म्हणजे पुन्हा 8 जून. काढताना खालून प्लास्टिकची पिशवी चढवली की गाळ टाकीत सांडत नाही. पिळायचा तो टाकीच्याच पाण्याच्या बादलीत. एरवी विहिरीचं पाणी चाललं असतं, पण पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते आणि क्लोरीन स्पंजमधले उपयोगी जिवाणू मारतं.

काल रात्री वीज चार तास गेली. आल्यावर स्पंजवरचा सुटा गाळ टाकीभर उडाला, तासाभरात बसला. पंपाची धार मात्र नेहमीसारखी.

25 पिल्लं होती, आज 23. स्पंज उलगडून पाहिला, आत काही नाही. काळी मादी जरा जास्तच गुबगुबीत दिसते आहे. उद्या तिला वेगळं काढतो.