चहाच्या सेक्शनला खत घालताना

सांगलीकडच्या उसाच्या रानातून मी थेट वरच्या आसामात, जोरहाटजवळच्या एका चहाबागेत असिस्टंट म्हणून लागलो. खतांचं माझं ज्ञान उसापुरतं: लागणीला बेसल डोस (सुरुवातीचं खत), पुढे युरियाची पोती, आणि जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, होईल ही कायमची धास्ती. इथे सगळं उलट. चहाला आम्लधर्मी जमीनच लागते, सामू (pH) साडेचार ते साडेपाच. पण माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या सेक्शनच्या, म्हणजे बागेच्या एका तुकड्याच्या, माती-अहवालात सामू ४.२ होता आणि सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही खाली. आसामचा धुवाधार पाऊस आणि वर्षानुवर्षं पडलेलं अमोनियम सल्फेट, युरिया, दोघांनी मिळून माती आंबट करून ठेवली होती.

मॅनेजरसाहेबांनी आधी नाले उपसायला लावले. मुळांत पाणी साचलेलं असेल तर कुठलंच खत लागू पडत नाही, हे त्यांचं पालुपद, आणि ते खरंच आहे. थंडीत छाटणी झाली की आंबटपणा कमी करायला डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखी भुकटी, टाकलं. ते आणि युरिया एकत्र पडले तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणून मध्ये दोनेक महिने जाऊ दिले. छाटलेल्या जाड फांद्या मजूर जळणाला नेतात. त्यावरून कुरबुर नको म्हणून तडजोड झाली: फांद्या त्यांच्या, पानं आणि काटक्या सेक्शनच्या.

निव्वळ सेंद्रियवर जावं असं सुरुवातीला मलाही वाटायचं. दार्जिलिंगच्या मकाईबारी या सेंद्रिय चहाबागेचं नाव ऐकून होतो. मग हिशोब मांडला. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं तर युरिया २१७ किलो, म्हणजे ४५ किलोची पाचेक पोती. तेवढंच नत्र दीड टक्क्याच्या गांडूळखतातून द्यायचं तर साडेसहा टनांच्या वर. एवढं शेण आणायचं कुठून, आणि नाल्यानाल्यांतून वाहून न्यायचं कुणी? म्हणून वाटणी केली. कंपोस्ट मातीसाठी, युरिया पानासाठी. आमचं शेणखत आणि ग्वाटेमाला गवताचं आच्छादन सगळीकडे न पसरता फक्त खंगलेल्या पट्ट्यांना दिलं. सगळ्यांना थोडं थोडं वाटलं असतं तर कुणालाच पुरलं नसतं.

रासायनिक खताचा पहिला हप्ता वसंतातला चांगला पाऊस पडून माती ओली झाल्यावर. युरिया, रॉक फॉस्फेट आणि पोटॅश त्याच दिवशी कालवायचं, नाहीतर इथल्या दमट हवेत सकाळपर्यंत त्याचा चिखल. रॉक फॉस्फेट आपल्याकडच्या काळ्या जमिनीत जवळपास वाया जातं. इथली आम्ल माती ते सावकाश विरघळवते. खत खोडाला चिकटू द्यायचं नाही आणि पानं ओली असताना टाकायचं नाही, पानं करपतात. हेक्टरात तेरा-चौदा हजार झाडं, त्यामुळे एका हप्त्यात झाडामागे युरिया आठ-नऊ ग्रॅम. उसाला पोत्यानं टाकणाऱ्या माणसाला हे चेष्टेसारखंच वाटतं. दुसरा हप्ता पावसाचा जोर ओसरल्यावर.

दोन पानं आणि कळीची खुडणी त्या हंगामात थोडी सुधारली, फार नाही. बदल दिसला तो कंपोस्टच्या पट्ट्यांत. उघडीप पडली की बाकी ठिकाणी जमीन लगेच टणक व्हायची, तिथे मात्र ओल टिकून राहिली.

शेजारच्या सेक्शनला शिरीषाची सावली दाट आहे, पालाही भरपूर पडतो. तिथे युरिया थोडा कमी करून बघू, असं साहेबांच्या गळी उतरवायचा प्रयत्न चालू आहे. अजून त्यांनी होकार दिलेला नाही.