मामांच्या प्रेसमधलं एक्सपी नव्या मशीनवर कसं नेलं

नागपुरात महालात मामांचा छोटा प्रेस आहे. तिथे पेंटियम फोरच्या एका मशीनवर विंडोज एक्सपी आणि पानं रचायचं पेजमेकर ७ होतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, भजनांच्या पुस्तिका, सगळं काम त्यातच. ऐन लग्नसराईत मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि मशीन बसलं. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. सीताबर्डीच्या बाजारात शोधला असता तर तसला जुना बोर्ड मिळालाही असता, पण तो तरी किती वर्षं टिकणार? मामा म्हणाले, "नवीन घेऊन टाक बे, फक्त माह्या फाईली उघडल्या पाहिजे."

नवं मशीन आलं ते विंडोज ११, एनव्हीएमई एसएसडी (नव्या जातीची वेगवान डिस्क) आणि आठ कोअरचा एएमडी प्रोसेसर घेऊन. त्यावर थेट एक्सपी टाकायचा विचार मी लगेच सोडला. ३२ बिटांचं एक्सपी युईएफआयवरून, म्हणजे नव्या बोर्डांच्या सुरू व्हायच्या पद्धतीने, सुरूच होत नाही. त्याला बायोसमधला सीएसएम हा जुना मार्ग लागतो आणि नव्या बोर्डांवर तो अनेकदा नसतो. शिवाय एक्सपीकडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही, साध्या साटा डिस्कशी बोलायचा एएचसीआय ड्रायव्हरसुद्धा नाही, त्यामुळे डिस्क दिसत नाही किंवा '७बी' (सुरू व्हायची डिस्क सापडत नाही) या चुकीचा निळा पडदा येतो. यूएसबी ३ ओळखत नसल्यामुळे कीबोर्ड-माऊसही मुके. बाहेरून ड्रायव्हर घुसवून हे काही प्रमाणात जमवणारे लोक आहेत. पण ज्याला उद्या पत्रिका छापायची आहे त्याच्यासाठी हा उद्योग नाही.

म्हणून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या विंडोजच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना कॉम्प्युटर. जुनी आयडीई (साटाच्या आधीच्या जोडणीची) डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावली, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि 'डीडी' आज्ञेने तिची हुबेहूब इमेज बाहेरच्या डिस्कवर काढली. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. मग व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजने त्या इमेजची व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची फाईल केली.

आता बारकावे. बायोसमध्ये 'एसव्हीएम मोड' (व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरची मदत) बंद होता, तो चालू केला. इंटेलच्या बोर्डवर याला 'व्हीटी-एक्स' म्हणतात. व्हर्च्युअल डिस्क साटा कंट्रोलरला जोडली तर तोच निळा पडदा येतो, कारण आतलं एक्सपी जन्मभर आयडीईवर चाललेलं. ती 'पीआयआयएक्स४' आयडीई कंट्रोलरला जोडायची. 'आय/ओ एपिक' (हार्डवेअरचे इशारे हाताळायची पद्धत) या सेटिंगची खूणही जुन्या मशीनवर जशी होती तशीच ठेवायची. मेमरी १ जीबी पुरते. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं तर समजायचं की विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मधे बसलंय आणि सगळं रखडणार. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद केलं तेव्हा कासव गेलं. हे सुरक्षेचं कवच आहे, म्हणून मी मामांना विचारूनच बंद केलं. अर्थात त्यांचं उत्तर "कर न मंग" एवढंच होतं. एक्सपीने हार्डवेअर बदललं म्हणून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागितलं, त्याचीही तयारी ठेवा.

आतल्या मशीनचं नेटवर्क मी पूर्ण तोडलं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. फाईलींची ने-आण व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (आतल्या मशीनसाठीचे ड्रायव्हर) टाकून शेअर्ड फोल्डरमधून होते.

खरं घोडं अडलं ते एक्सपीवर नाही, डोंगलवर, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला पोर्टात खोचून ठेवायच्या कुलपावर. मराठी टायपिंगच्या जुन्या पॅकेजचं कुलूप जुन्या प्रिंटरांच्या पॅरलल पोर्टवर. नव्या बोर्डला तो पोर्टच नाही. यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरपुरत्या असतात. कुलूप थेट पोर्टशी बोलतं, ते त्यांना जमत नाही. पॅरलल पोर्टचं कार्ड टाकलं तर पोर्टचा पत्ता जुना ३७८ राहत नाही. पण या पॅकेजमध्ये कुलूप फक्त मराठी टाईप करायच्या कीबोर्ड प्रोग्रामला होतं. फॉन्ट साधे टीटीएफ, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये पडलेले. म्हणजे डोंगलशिवायही जुनी पानं जशीच्या तशी उघडतात. आतून पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेतली) फाईल काढायची, बाहेर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करायची आणि छपाईची प्लेट काढायला द्यायची.

नवा मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टात आणतो. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे 'कीर्ती', 'हर्षवर्धन' अशी नावं प्रूफात डोळ्यांत तेल घालून बघावी लागतात. नवरीचं नाव चुकलं तर कन्व्हर्टरला कोणी बोलत नाही.

सगळं नीट चाललं तेव्हा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतला आणि व्हीडीआयची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. ती डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. पुढचं मशीन बसेल तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं आणि ही फाईल जोडायची.