सीवेज सर्टिफिकेटचे नूतनीकरण आणि दराचा कागद : माझा अनुभव

मी एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, चीफ इंजिनिअर आहे. जहाजावरील शौचालयांच्या मैल्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, ज्याला आम्ही सगळे आयएसपीपी म्हणतो, त्याच्या नूतनीकरणाचे काम गेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये माझ्या वाट्याला आले. तेलासंबंधीच्या सर्टिफिकेटपुढे हे काम किरकोळ समजले जाते. ते ज्या एका कागदापायी रखडले, त्याबद्दलची चीड मात्र अजून ओसरलेली नाही.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे मैल्याबद्दलचे चौथे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या ४०० ग्रॉस टनेज व त्यावरील जहाजांना लागू होते; त्याहून लहान जहाज असले, पण त्यावर १५ पेक्षा जास्त माणसे नेण्याची परवानगी असली, तर त्यालाही लागू होते. २००३ साली ते अमलात आले, आणि भारतीय ध्वजाच्या जहाजांसाठी मर्चंट शिपिंग कायद्याखालचे नियम २०१० साली आले. मैला दळून आणि निर्जंतुक करून सोडायचा असेल, तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे जावे लागते. काहीच प्रक्रिया न केलेला, टाकीत साठवलेला मैला असेल, तर बारा मैलांपलीकडे, जहाज किमान चार नॉट (तासाला चार सागरी मैल) वेगाने चालत असताना, आणि तोही एकदम न ओतता माफक दराने सोडावा लागतो. मान्यताप्राप्त ट्रीटमेंट प्लांटमधून निघालेल्या पाण्याला अंतराची ही अट नाही. मात्र त्यामुळे समुद्रावर तरंगता घन पदार्थ दिसता कामा नये आणि पाण्याचा रंग बदलता कामा नये.

आमच्या जहाजावर प्लांट होता आणि मैला साठवायचा होल्डिंग टँकही होता. काही बंदरांत प्रक्रिया केलेले पाणीसुद्धा सोडू देत नाहीत, म्हणून बंदरात सगळे टँकमध्ये घ्यायचे आणि खोल समुद्रात गेल्यावर तो रिकामा करायचा, अशी आमची रीत होती. सर्व्हेच्या दिवशी प्लांटचे ब्लोअर, क्लोरीन, अलार्म हे सारे तासाभरात झाले, आणि त्याचे श्रेय चार साबचे, म्हणजे फोर्थ इंजिनिअरचे, कारण प्लांटची देखभाल त्याच्याकडे होती. मैल्याची लाइन किनाऱ्याला जोडायच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या तोंडावरच्या चकतीवर, सर्व्हेअरने मोजपट्टी लावली : बाहेरचा व्यास २१० मिलिमीटर, बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास १७०, छिद्रे चार. त्यानंतर त्याने टँकमधून समुद्रात जाणाऱ्या ओव्हरबोर्ड लाइनकडे बोट दाखवले आणि मंजूर केलेल्या विसर्ग-दराचा कागद मागितला.

तो कागद फायलीत नव्हता. नियमातील ‘माफक दर’ म्हणजे नेमका किती, हे ध्वजराष्ट्राने, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेले असते त्याने, मंजूर करायचे असते आणि त्याची रीत २००६ च्या एका ठरावात दिलेली आहे. जहाज चालताना जेवढे पाणी कापते, त्याच्या दोन लाखांव्या भागापेक्षा जास्त मैला त्यात जाऊ नये, एवढेच त्या ठरावाचे सार आहे. नॉटमधला वेग, मीटरमधला ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडलेले आहे ते) आणि मीटरमधली रुंदी यांचा गुणाकार करून त्याला ०.००९२६ ने गुणले, की तासाला किती घनमीटर सोडता येतील ते मिळते. आमची रुंदी ३२ मीटर, भरलेल्या जहाजाचा ड्राफ्ट १२ मीटर आणि वेग १४ नॉट धरला, तर उत्तर जवळपास ५० येते. आमचा पंप तासाला फार तर १० घनमीटर टाकतो. हे गणित मी सर्व्हेअरच्या देखत कागदावर मांडले. त्याला ते पटले, पण त्यावर शिक्का त्याला मारता येणार नव्हता. तो क्लासच्या, म्हणजे जहाजांची तपासणी आणि वर्गीकरण करणाऱ्या संस्थेच्या, आराखडे मंजूर करणाऱ्या कार्यालयातूनच येणार होता.

त्या कार्यालयाचे पहिले उत्तर असे आले, की जहाजावर मान्यताप्राप्त प्लांट असल्याने हा कागद लागतच नाही. सर्व्हेअर म्हणाला, टँकमधून थेट समुद्रात जाणारी लाइन आहे, म्हणजे कागद लागतो. दोघे एकाच संस्थेचे, आणि त्यांच्यामधला टपाली मी. सर्व्हेअरचे म्हणणे लेखी घेऊन पाठवले, तेव्हा कार्यालयाने पंपाचा परफॉर्मन्स कर्व्ह, म्हणजे पंप किती दाबाला किती पाणी टाकतो याचा आलेख, मागितला. पंपाच्या नावपट्टीचा फोटो चालेना. निर्मात्याची मूळ पुस्तिका हवी होती. ती कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयात होती, आणि तिथून आलेली पाने वाचता येऊ नयेत इतकी अंधुक होती. पुन्हा मागवली. दरम्यान आम्ही मैला बाराच काय, पन्नास मैलांपलीकडेही सोडू शकत नव्हतो, कारण दर मंजूर नव्हता. टँकची पातळी चढत होती आणि कार्यालयाकडून येणाऱ्या प्रत्येक मेलखाली ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असे छापलेले असायचे.

त्यानंतर त्यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र रास्त होता, हे मान्य करायला हवे. बॅलास्टमध्ये, म्हणजे माल नसताना, सहा मीटर ड्राफ्टवर, जहाज चार नॉटने चालले तर मर्यादा जेमतेम ७ घनमीटरवर येते आणि आमचा १० चा पंप तिच्याबाहेर जातो. त्यावर मी दुसरा दर सुचवला : बॅलास्टमध्ये किमान सहा नॉट, म्हणजे मर्यादा साडेदहाच्या पुढे. हाच प्रश्न पहिल्याच मेलमध्ये विचारला असता, तर बाकीचा पत्रव्यवहार वाचला असता. अखेर दोन्ही दर लिहिलेला, शिक्का असलेला एका पानाचा कागद आला, आणि मी कबूल करतो की त्याच्या रंगीत प्रती काढून एक इंजिन कंट्रोल रूममध्ये आणि एक ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, लावताना मला नको इतका आनंद झाला.

या सर्टिफिकेटला दरवर्षीचा सर्व्हे नसतो. ते जास्तीत जास्त पाच वर्षांचे असते, त्यामुळे गहाळ कागद पाच वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. नूतनीकरणाचा सर्व्हे मुदत संपण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत केला, तर नवी मुदत जुन्या तारखेपासूनच मोजतात आणि एकही दिवस वाया जात नाही. म्हणून सर्व्हेअरला त्या तीन महिन्यांच्या सुरुवातीलाच बोलवावे, आणि पंपाची पुस्तिका त्याच्याही आधी मागवून ठेवावी. जहाजाच्या दवाखान्यातील बेसिनचे पाणीही मैल्यातच धरले जाते. न्हाणीघर आणि गॅलीचे (स्वयंपाकघराचे) पाणी त्यात मिसळले नाही, तर धरले जात नाही. पाइपांच्या आराखड्यात हे आधी तपासून घ्यावे, कारण आम्हाला तोही प्रश्न आला होता.

तेलासाठी असते तशी नोंदवही चौथ्या परिशिष्टात सक्तीची नाही. तरीही टँक रिकामा करताना सुरुवातीची व शेवटची वेळ, स्थान, वेग आणि ड्राफ्ट एका साध्या वहीत लिहायला मी चार साबला सांगितले. पुढच्या बंदरात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने आधी तीच वही मागितली आणि मग तो शिक्क्याचा कागद.