तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं सुरू झालं की गप्प बसणारे माहितीपट

"संगीतावरचे चांगले माहितीपट सांगा ना," असं कानसेन मंडळी मला सारखं विचारतात. मैफिलीच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, कधी रात्री उशिरा फोनवर. उत्तर दर वेळी तुकड्यातुकड्यांत दिलं जातं. आज सलग देतो.

आधी माझी कसोटी सांगतो, म्हणजे पटली नाही तर पुढे वाचायचे कष्ट नकोत. गाणं सुरू झालं की दिग्दर्शक गप्प बसतो का? पुष्कळ चरित्रपर माहितीपटांत बुवांनी जेमतेम षड्ज लावलेला असतो, तेवढ्यात त्यांचा आवाज बारीक होतो आणि कुणीतरी खुर्चीत बसून "ते गायचे तेव्हा साक्षात..." असं सुरू करतं. स्तुतीसाठी गौरवग्रंथ आहेत की. मला गाणं ऐकू द्या आणि ते कुठून येतं तेवढं दाखवा.

या कसोटीवर पहिला मान मणी कौल यांच्या 'ध्रुपद'चा. ध्रुपद म्हणजे आपल्या शास्त्रीय गायनाची एक जुनी शैली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा हा सिनेमा. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर आणि धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन गायला. कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकले होते आणि ते चौकटीचौकटीत जाणवतं. आलापाला लागतो तेवढा वेळ ते देतात, कापाकापी करत नाहीत. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या त्या दगडी चढणींवरून कॅमेरा इतका सावकाश सरकतो की तोही मींडच घेतोय, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातोय, असं वाटावं. शेवटी तो मुंबईवर येतो आणि घराघरांवरून फिरत राहतो. मोठे डागर आपल्याकडचेच म्हणायचे. राहायला चेंबूरला आणि पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल. वीणाही त्यांनी आपल्या हिशेबाने बदलून घेतली होती, मोठे भोपळे आणि जाड तारा लावून, खर्जाचं, म्हणजे अगदी खालच्या सुरांचं काम मनासारखं व्हावं म्हणून. त्यामुळे एक विनंती: हा सिनेमा फोनच्या स्पीकरवर लावू नका, निम्मी वीणा ऐकूच येणार नाही. सुरुवातीला कंटाळा येईल. येऊ द्या.

ज्यांना हा डोस जड वाटेल त्यांनी 'मॉन्टरे पॉप'पासून सुरुवात करावी. कॅलिफोर्नियात जून १९६७मध्ये झालेल्या महोत्सवाचा डी. ए. पेनेबेकर यांनी केलेला चित्रपट. जिमी हेंड्रिक्स गिटार पेटवतो तो हाच. पण गंमत शेवटी आहे. सतारवादक रविशंकर आणि तबल्यावर अल्लारखाँ प्रत्यक्षात रविवारी दुपारी वाजवून गेले होते, हेंड्रिक्स त्यानंतर रात्री आला. पेनेबेकरने क्रम उलटा केला. गिटारची राख झाल्यावर त्याने सतार लावली, आणि जेमतेम सव्वा तासाच्या सिनेमातली शेवटची पंधराएक मिनिटं तिलाच देऊन टाकली. त्यातही वादक बराच वेळ दिसतच नाहीत. दिसतात ते ऐकणारे: कुणी पेंगतंय, कुणी नुसतंच बघतंय, आणि द्रुत लय वाढत जाते तसे चेहरे बदलत जातात. वाद्य जाळल्याचं रविशंकरांना अतिशय वाईट वाटलं होतं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. सिनेमाचा क्रम बघून मला तर वाटतं, संकलनाच्या टेबलावर कुणीतरी त्यांची बाजू घेतली.

'अमेझिंग ग्रेस'मागची भानगड सिनेमाइतकीच रंजक आहे. जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन दोन रात्री भक्तिगीतं गायली. चित्रीकरण सिडनी पोलॅक यांच्याकडे. कॅमेरे चालू, पण चित्र-ध्वनी जुळवायची खूण असते ती क्लॅपच दिली गेली नाही, त्यामुळे चित्र आणि ध्वनी जुळेना. रीळं वर्षानुवर्षं पडून राहिली. तंत्राने ती जुळली तेव्हा खुद्द अरीथाने कोर्टातून प्रदर्शन अडवलं. शेवटी ती गेल्यावर, २०१८मध्ये सिनेमा आला. ती बोलते जवळजवळ नाहीच. ती पियानोवर गात असताना वडील पुढे येतात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. एवढ्यात बापलेकीचं सगळं कळतं, त्यासाठी मुलाखत लागत नाही.

बीटल्सचा 'गेट बॅक' जवळजवळ आठ तासांचा आहे. सगळा बघाच असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागात जॉन लेननची वाट बघता बघता पॉल बास गिटार नुसती खाजवत बसलेला असतो, समोर जॉर्ज जांभया देत असतो, आणि त्या खाजवण्यातून हळूहळू एक गाणं उभं राहतं. तेवढं चुकवू नका. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन'ची शिफारस मात्र माझ्याकडून नाही, ऑस्कर मिळालं असलं तरी. विस्मृतीत गेलेला गायक म्हणून ज्याची गोष्ट सांगितली, तो रॉड्रिगेझ १९७९ आणि १९८१मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता. सिनेमा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

कसोटीत न बसणारा एक तरीही सांगतो: सबा दिवाण यांचा 'द अदर सॉंग', २००९चा. यात बोलणं भरपूर आहे. पण ते आहे शोधासाठी. बनारसच्या रसूलनबाईंच्या प्रसिद्ध भैरवी ठुमरीत सगळ्यांना 'करेजवा', म्हणजे काळीज, हा शब्द माहीत. १९३५च्या ध्वनिमुद्रिकेत मात्र त्या 'जोबनवा', म्हणजे यौवन, असं गायल्या होत्या. तो शब्द कुठे गेला याचा माग काढत सिनेमा बनारस, लखनौ, मुझफ्फरपूर पालथं घालतो आणि तवायफांना, म्हणजे नाचगाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणींना, गाण्याच्या इतिहासातून कसं सोवळेपणाने बाहेर काढलं गेलं ते उलगडतो. ठुमरीवर प्रेम असणाऱ्याने हा बघितलाच पाहिजे.

आणि 'जय भीम कॉम्रेड'. हे नाव घेतलं की आमचे शास्त्रीयवाले मित्र भुवया उंचावतात, "तो राजकीय सिनेमा, संगीताच्या यादीत कशाला?" जुलै १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या सिनेमाचे दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांच्या आधीच्या 'हमारा शहर' या माहितीपटात तेच गायले होते. मग पटवर्धन पुढची चौदा वर्षं कॅमेरा घेऊन या गाण्याच्या मागे फिरले: घराघरांतली भीमगीतं, शाहीर संभाजी भगत, पुण्याच्या कबीर कला मंच या गाणाऱ्या संघाची पोरं, त्यातल्या शीतल साठेचा तो आभाळ फाडणारा आवाज. घराण्याची तालीम कशी पुढे जाते यावर आपण तासन् तास बोलतो. इथे वस्तीत, डफावर, एका पिढीकडून दुसरीकडे गाणं जाताना दिसतं, आणि ते गायची किंमतही दिसते. मी हा संगीताच्याच यादीत ठेवणार, आणि वरच्या बाजूला. तीन तासांहून मोठा आहे, जेवून बसा.