गेनिझा वाचन, नोंद 3: नाखवा, भार, पोफळ

कैरोजवळच्या फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझातली, म्हणजे जुने कागद टाकायच्या कोठडीतली, ही पत्रं. भाषा अरबी, लिपी हिब्रू. सध्या बाराव्या शतकातली अदन–मलबार पत्रं चालू आहेत.

अडचण लिपीची आहे. अरबी अक्षरं 28, हिब्रू 22. मग काफ या हिब्रू अक्षरावर टिंब दिलं की 'ख', तेतवर टिंब दिलं की 'ज़'कडे झुकणारा जड उच्चार. पण लिहिणारा घाईत टिंबं गाळतो, आणि 'नाखुदा'चं 'नाकुदा' होतं. गिमेल सर्वांत फसवं: टिंब 'ज'साठी की 'घ'साठी, हे प्रत्येक हाताचं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या वळणाचं, वेगळं. त्यामुळे एका हाताची निदान वीस खात्रीची अक्षरं आधी तक्त्यात मांडावीत, मगच ओळी लावाव्यात. दालेत–रेश आणि वाव–योद यांची गल्लत मोडी वाचणाऱ्यांना नवी वाटणार नाही.

मराठी कानाचा इथे खरा फायदा होतो. नाखुदा म्हणजे आपला नाखवा. बेत-हे-आलेफ-रेश हा 'बहार', म्हणजे भार. मिरी आणि लोखंड यातच मोजलेलं सापडतं, साधारण 300 रतल. रतल तर आपला रत्तलच. पे-वाव-पे-लामेद म्हणजे 'फौफल', पोफळ! ताव-आलेफ-नून-हे दिसलं की थांबा: ठाणे. चाच्यांनी लुटलेल्या मेहुण्याला मह्रूझ हा व्यापारी लिहितो की सोनं लागलं तर माझ्या नावावर नाखवा तिंबूकडून घे, तो ठाण्यात आहे. एवढ्या वाक्यात पतपेढीचं सगळं काम आलं.

अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याच्या कागदांना मात्र वेगळी शिस्त हवी. मंगळूरकडे त्याची कांस्याची भट्टी होती. अदनहून मोडकी भांडी वितळवायला यायची, सोबत कोणतं भांडं किती वजनाचं घडवायचं याच्या सूचना. कागद दुर्मिळ, म्हणून आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेत तो स्वतःचे हिशेब लिही. पाठची बाजू पत्राचाच पुढचा भाग समजून वाचली की आकडे जुळत नाहीत. आधी हात वेगळे करा, शाई नव्हे. शाई फोटोत फसवते.

पत्रांतली तारीख सेल्युसिड या जुन्या कालगणनेत असते; इसवी सन काढताना त्या वर्षातून शरद ऋतूत 312, जानेवारीनंतर 311 वजा. बेन यिजूने अशू या दासीला मुक्त केलं तो 17 ऑक्टोबर 1132 हा दिवस या गणनेत 1444 मध्ये येतो. सरसकट 311 वजा केलं तर हा दिवस वर्षभर पुढे सरकतो, आणि वर्षातून एकदाच जहाजं ये-जा करणाऱ्या या व्यापारात उत्तर पत्राच्या आधी पडतं.

पुढे: अदनच्या मद्मून बेन हसनची पत्रं.